परिवर्तन पॅनेलच्या नर्सबाई

शनिवार, १२ मार्च २००५. स्थळ, आमच्या फुले व भाजीपाला उत्पादक सहकारी संस्थेचं निर्मळचं ऑफिस. रक्कम रुपये अठराशे फक्त. नऊ उमेदवारी अर्ज, दर अर्जामागे दोनशे रुपये अनामत. हजर: निवडणूक निर्णय अधिकारी, संस्थेचे चेअरमन रमाकांतभाऊ, संस्थेचा शिपाई, वडिलांच्या जागी नुकताच सभासद झालेला मी, आणि पैसे भरायला आलेल्या फिलोमिनाबाई.

अठराशेच्या अठराशे रुपये दहा-दहाच्या नोटांत होते. अधिकारी वैतागले.

"बाई, शंभराच्या नोटा नाहीत का?"

"आहेत की. पण त्या माझ्या. हे पैसे माझे नाहीत."

प्रत्येक उमेदवाराचे दोनशे रुपये बाईंनी वीस सभासदांकडून दहा-दहा करून जमवले होते. मी बाजूला बसलो होतो, तेव्हा मला म्हणाल्या, "दहा रुपये दिलेला माणूस मत फिरवताना एकदा तरी खिसा चाचपतो."

भाऊ खुर्चीत मागे रेलून हसले. "नर्सबाई, अनामत जप्त होणार. दर वेळी होते."

"होऊ दे भाऊ. निवडणूक होते ना, मग झालं."

अनामत जप्त झाली; आमच्या पोटनियमात पडणाऱ्याची अनामत परत मिळत नाही. नऊच्या नऊ उमेदवार पडले. सगळ्यात जास्त मतं बाईंना होती, एकशे अठरा. मतमोजणीच्या कागदावर सही करून त्या भाऊंच्या घरी पेढा खायला गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीच्या कामाला लागल्या.

बाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. गावात त्यांच्याबद्दल बऱ्याच गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या वाढवलेल्या आहेत. मी वालीवला एका कारखान्यात हिशेब बघतो. वाढवलेला आकडा मला चालत नाही. मी पाहिलं तेवढंच लिहितो.

आमची संस्था मोठी नाही. निर्मळ, नंदाखाल आणि आसपासच्या गावांतले मिळून चारशे बारा सभासद. कोणाची सोनचाफ्याची वीस झाडं, कोणाचा मोगरा, कोणाची केळी आणि वाल-वांगी. संध्याकाळी माल संस्थेच्या शेडमध्ये वजन होऊन जमा होतो आणि पहाटे संस्थेचा ट्रक मुंबईच्या बाजारात जातो. कारभार नऊ संचालक बघतात. दर पाच वर्षांनी निवडणूक, आणि तीत दोन पॅनेल: भाऊंचं विकास पॅनेल आणि बाईंचं परिवर्तन पॅनेल. विकास पॅनेल कायम सत्तेत आणि परिवर्तन पॅनेल कायम विरोधात. एकदा कोणीतरी सुचवलं, बाई, पॅनेलचं नाव तरी बदला, कंटाळा आला. बाई म्हणाल्या, "नको. नाव बदललं तर लोकांना वाटेल परिवर्तन झालं."

नंदाखालच्या बाई सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. दोन्ही पॅनेलच्या सभासदांपैकी निम्म्यांची मुलं त्यांच्या हातावर जन्मली होती. घरी त्या आपल्या बोलीत बोलत, आम्हा निर्मळकरांशी शाळेतल्या मराठीत, आणि रागावल्या की दवाखान्यातल्या मराठीत. हे शेवटचं मराठी एकेका शब्दाचं असे. "बस. श्वास घे. बोल." सभेत कोणी नियमांवर बोट ठेवून आवाज चढवला की म्हणत, "तुला पहिली सुई मी टोचलीय रे. कुठे टोचलीय ते सभेत सांगू का?" माणूस खाली बसे.

घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला घालत. प्रचाराला गेल्या की बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरत. त्याला वाटे, बाई मायेने हात धरतायत. बाई नाडी मोजत असत. माझ्या स्कूटरवर मागे बसून आम्ही पुढच्या वाडीकडे निघालो की मागून आवाज येई, "हिशेबनीस, हा नाही म्हणून धर."

"बाई, तो तर शपथेवर हो म्हणाला."

"तोंड हो म्हणालं. नाडी पळत होती."

हिशेब माझ्याकडे असे, म्हणून सांगतो: बाईंचा अंदाज आणि प्रत्यक्ष मतं यांत दहाच्या वर फरक, एक २०१५ सोडलं तर, मी कधी पाहिला नाही. आपण हरणार हे त्यांना आधीच ठाऊक असे. तरी शेवटच्या दिवसापर्यंत त्या शेवटच्या वाडीत जात. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "भाऊंना रात्री झोपताना वाटलं पाहिजे की उद्या कोणीतरी विचारणार आहे. बाकी काही नाही."

भाऊ वाईट माणूस होते असं कोणी समजू नये. हुशार, हसतमुख, कोणाच्याही मयताला सगळ्यांत आधी हजर. ट्रक बंद पडला तर स्वतःच्या टेम्पोत माल घालून पाठवणारे. त्यांना फक्त भांडण आवडत नसे, आणि निवडणूक म्हणजे भांडण असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. म्हणून २०१० साली त्यांनी तो शब्द काढला: बिनविरोध.

आपल्याकडे हा शब्द कसा आहे बघा. गावाची निवडणूक बिनविरोध झाली की लोक अभिमानाने सांगतात. वर्तमानपत्रात फोटो येतो. एकोपा दिसतो, खर्च वाचतो. भाऊंनी सांगितलं, दोन जागा परिवर्तनवाल्यांना देतो, निवडणुकीचा वाचलेला खर्च निम्मा देवळाला, निम्मा चर्चला. आता याला नाही कोण म्हणणार? बाईंच्या पॅनेलमधल्या दोघांनी त्या दोन जागा घेतल्या. उरलेल्या सहा जणांना शेडवर, ट्रकवर, कशावर तरी नेमायचं कबूल झालं. आठवड्याभरात नवांतले आठ गेले. जाताना प्रत्येक जण बाईंच्या घरी येऊन सांगून गेला, हे मात्र खरं. आठवा माणूस रडला. बाईंनी त्याला सरबत दिलं.

सगळ्यांना वाटलं, संपलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी भाऊंचे नऊ अर्ज टेबलावर होते आणि पेढ्यांचा खोका शेजारी. पावणेबाराला बाई आल्या आणि त्यांनी दहावा अर्ज ठेवला.

ऑफिसात जो गोंधळ झाला तो मी लिहू शकत नाही. नऊ जागांना दहा अर्ज म्हणजे निवडणूक आली. छपाई, मतपेट्या, सगळं आलं. "एका बाईच्या हट्टापायी!" कोणीतरी ओरडलं. देवळाचे ट्रस्टी समजवायला आले. संध्याकाळी फादरही आले. बाईंनी दोघांना चहा दिला.

"फादर, दवाखान्यात एकदा महिनाभर कोणालाच ताप नव्हता. डॉक्टर खूश. मग कळलं, थर्मामीटर फुटलेला होता."

फादर हसले आणि चहा पिऊन गेले.

बाईंना एकतीस मतं पडली. दहाव्या क्रमांकाच्या बाई, आणि नवव्या क्रमांकाच्या उमेदवाराला तीनशे चार. लोकांनी टिंगल केली. "एकतीसवाली बाई." बाईंनी तो शब्द उचलून धरला. "एकतीस म्हणजे किती रे? ट्रकभर माणसं झाली की!"

पण पुढची पाच वर्षं समोर पॅनेल नव्हतं, आणि त्याचं काय झालं ते मी आकड्यांत सांगू शकतो. वार्षिक सभा पूर्वी दोन-अडीच तास चाले. २०११ ची अकरा मिनिटांत संपली. चहा यायच्या आधी आभार झाले. फुलं वाटेत सुकतात म्हणून संस्था वजनातून काही टक्के कापते, त्याला आम्ही घट म्हणतो. घट चार टक्के होती. पहिल्या वर्षी पाच झाली, तिसऱ्या वर्षी सहा, पाचव्या वर्षी सात. कोणी खाल्लं असं नाही. वजनकाटा जुना झाला होता, शेडवरचा माणूस सुरक्षित आकडा लिहीत होता, आणि तो आकडा का, असं विचारणारं संचालक मंडळात कोणी नव्हतं. जे दोन विचारायचे ते आता आतले झाले होते. दर वर्षी सभेत बाई एकट्या उठत. "घट का वाढली?" भाऊ हसून म्हणत, "बाई, पुढच्या वर्षी बघू," आणि सभा टाळ्या वाजवून उठे. एकटी बाई म्हणजे विरोध होत नाही, विनोद होतो. ते बाईंना माझ्याआधी कळलं.

म्हणून त्यांनी पॅनेल पुन्हा बांधलं. मी स्कूटर चालवली, बाकी काही केलं नाही. वाडी-वाडीवर, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, भजनाला माणसं जमायच्या आधी. जुने आठ परत यायला तयार होते. बाईंनी आठांपैकी एकालाच घेतलं, तो रडलेला.

इथे मला २०१५ ची ती गंमत सांगितली पाहिजे. गंमत म्हणतो, कारण बाई तिला गंमत म्हणत.

पॅनेलला निशाणी लागते. बाईंची निशाणी पहिल्यापासून कपबशी. अर्ज पहिला भरणाऱ्याला हवी ती निशाणी मिळते, म्हणून बाई सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात असत. गावात लहान मुलालाही ठाऊक होतं, कपबशी म्हणजे नर्सबाई. त्या दिवशी सकाळी शेजारची सून विहिरीवर पडली. पाय मोडला. बाईंनी पायाला फळी बांधली, रिक्षातून दवाखान्यात नेलं, आणि ऑफिसात पोचल्या तेव्हा बारा वाजत आले होते. तोवर भाऊंचा पुतण्या नितीन, ज्याचा केबलचा धंदा होता आणि डोकं फार चालायचं, त्याने विकास पॅनेलसाठी कपबशी मागून घेतली होती. बाईंना शिडी मिळाली.

आठ दिवस होते. आम्ही घरोघरी सांगत सुटलो: कपबशी नाही, शिडी, शिडी. लोक मान डोलवत. मतदानाच्या दिवशी बाईंच्या शेजारच्या मोनीमावशी, वय ऐंशीच्या पुढे, नातवाच्या खांद्याला धरून मत देऊन बाहेर आल्या आणि अंगणातूनच ओरडल्या, "फिलू! नऊच्या नऊ शिक्के कपबशीवर मारले गं! एक नाय चुकला!"

आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाई पुढे झाल्या, मोनीमावशींना मिठी मारली. "छान केलंस मावशी. ऊन लागतंय, चल घरी."

सात जागा गेल्या, दोन आल्या. लोक म्हणाले कोर्टात जा. बाईंनी अधिकाऱ्यांना विचारलं, "नियमात बसतं ना? मग सही कुठे करू?" स्कूटरवर नंदाखालपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता बाई मोडल्या. केळीच्या बागेच्या वळणावर मागून हसू ऐकू आलं. मी स्कूटर थांबवली.

"अरे हिशेबनीस, काय केलं मी हे? इतकी वर्षं लोकांना बाटलीचा रंग पाठ करून घेतला, औषधाचं नाव सांगितलंच नाही. आता कोणीही लाल बाटली आणली तर ते पिणारच."

त्या संध्याकाळी बाईंनी चार मुद्दे ठरवले. घट चार टक्क्यांच्या वर नाही. ट्रकचा दर तीन कोटेशनं मागवून. मालाची पावती त्याच दिवशी. आणि वार्षिक सभेत सभासदांचे प्रश्न आधी, आभार नंतर. बस, एवढेच. पुढची सात वर्षं (मधल्या साथीमुळे निवडणूक दोन वर्षं लांबली) बाईंनी हे चार मुद्दे गावाला श्लोकासारखे पाठ करून घेतले. पॅनेलमध्ये यायचं असेल तर चार मुद्दे न अडखळता म्हणायचे, आणि पाचव्या प्रश्नाला उत्तर द्यायचं: पडलास तर काय करशील? "पुढच्या वेळी पुन्हा उभा राहीन" याशिवाय दुसरं उत्तर दिलं की बाई सरबत देऊन वाटेला लावत. संचालक मंडळातल्या त्यांच्या दोन जागांवरून त्यांनी रेटून रेटून घट पाचवर आणली होती. सात लोकांना दोन लोकांनी हलवलं, कारण बाहेर त्यांच्यामागे पॅनेल आहे हे त्या सातांना ठाऊक होतं.

हेच दिवस राज्यात पक्ष फुटण्याचे. सकाळी बाई ऑफिसात वर्तमानपत्र उघडत आणि वॉर्डात फेरी मारल्यासारखं विचारत, "आज कोण कुठल्या खाटेवर?" कोणीतरी सांगे, अमुक तिकडे गेला, तमुक इकडे आला, तिसरा संध्याकाळी परत गेला. आमच्यातलेच काही म्हणत, "बाई, मोठी मोठी माणसं जातात. तुम्ही पण भाऊंबरोबर जा. सत्तेत गेलं की कामं होतात."

"कामं होतात, बरोबर. पण पेशंट रोज खाट बदलायला लागला तर काय होतं ठाऊक आहे? केसपेपर हरवतो. काल याला काय दिलं, काय लागू पडलं, काय बाधलं, कोणालाच कळत नाही. मग प्रत्येक डॉक्टर म्हणतो, मी तर आजच आलो." वर्तमानपत्राची घडी घालून त्या उठत. "मत देणारा दर पाच वर्षांनी केसपेपर बघायला येतो रे. त्याला तो मिळाला पाहिजे. एवढंच तर मागतो तो."

मी राजकारणावरची बरीच भाषणं ऐकली आहेत. ही गोष्ट इतकी साधी करून सांगणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

२०२२ ची मतमोजणी शाळेच्या हॉलमध्ये होती. निशाणी या वेळी पतंग मिळाली होती, आणि कोणी तिची फिकीर केली नव्हती. लोक एकमेकांना "चार मुद्देवाले" असं सांगत होते. दुपारी तीनला पहिली जागा आली. चारला तिसरी. पाचवी आली तेव्हा हॉलमधले सगळे उठून उभे राहिले, कारण नवांत पाच म्हणजे सत्ता. सहावी बाईंची स्वतःची: तीनशे एकाहत्तर मतांपैकी दोनशे एकतीस. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी बाई जिंकल्या. मोनीमावशींच्या नातवाने लग्नातला बँड आणून ठेवला होता. एरवी नवरा-नवरीपुढे वाजणारा तो बँड नंदाखालच्या वळणापासून बाईंच्या अंगणापर्यंत वाजत गेला, आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत बाई नाचल्या. बायकांनी सोनचाफ्याची फुलं उधळली. मी आयुष्यात कधी नाचलो नव्हतो. त्या दिवशी माझाही इलाज चालला नाही.

आणि मग पुढच्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, बाईंच्या अंगणात हार घेऊन अकरा माणसं आली. पुढे नितीन, भाऊंचा पुतण्या, विकास पॅनेलमधून निवडून आलेल्या तिघांपैकी एक. त्याच्याबरोबर दुसरा निवडून आलेला, आणि विकासचे नऊ जुने कार्यकर्ते. आमच्या पॅनेलची सगळी मंडळी व्हरांड्यात होती.

"बाई, आमी आता तुमचेच," नितीन म्हणाला. "विनाअट येतोय."

आमच्यातल्या एकाने टाळीच वाजवली. "सहा नि दोन आठ! भाऊ एकटे पडले! आता पाच वर्षं बघायला नको!"

बाईंनी हार हातात घेतला नाही. नितीनचं मनगट धरलं. "शंभरच्या वर आहे. बस. पाणी पी."

नितीन बसला.

"तू कुठल्या पॅनेलवर निवडून आलास?"

"विकासच्या. पण बाई, लोकांचा कल..."

"लोकांचा कल मला द्यायचा होता तेव्हा लोकांनी मला दिला. तुला जो दिला तो तिकडे बसायला दिलाय. एकशे ऐंशीच्या वर माणसांनी तुला भाऊंच्या बाजूला बसवलंय. त्यांना विचारलंस इकडे येताना?"

"बाई, सगळे असंच करतात. मुंबईत बघा—"

"मुंबईत केसपेपर हरवले असतील. आमच्याकडे अजून आहेत. तुझा केसपेपर तिकडे आहे, त्यात कपबशी पण लिहिलीय." अंगण हसलं, नितीनसुद्धा हसला. "उठ. हार घेऊन जा. तिकडे बस आणि मला छळ. चांगला छळ, अर्धवट नको."

आमचीच मंडळी चिडली. "बाई, घरी आलेल्यांना परत पाठवता? इतकी वर्षं थुंकी झेलली आपण, आता जरा—"

बाई वळल्या. "तुला पाचवा प्रश्न विचारला होता, पडलास तर काय करशील. सहावा विचारायचा राहिला. निवडून आलास तर काय करशील?"

तो व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसला.

खरी अडचण वेगळी होती, आणि ती बाईंना लगेच कळली होती. हे अकरा का आले? कारण भाऊ घरी बसले होते. निकालानंतर ते शेडवर फिरकले नव्हते. माणसं सांगत होती, भाऊ राजीनामा देणार, विकास पॅनेल मोडीत काढणार. पॅनेल मोडलं तर अकरा आज परत गेले काय आणि उद्या पुन्हा आले काय.

"स्कूटर काढ," बाई म्हणाल्या.

भाऊ ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. दाढी वाढलेली. उठून बाईंना खुर्ची दिली, सुनेला चहा सांगितला. रीत सोडणारा माणूस नव्हता तो.

"अभिनंदन नर्सबाई. आता तुम्हीच बघा सगळं. माझं वय झालं."

"तुमचं वय माझ्यापेक्षा बारा वर्षांनी कमी आहे. तुमच्या धाकट्या बहिणीच्या वेळी तुम्ही दवाखान्याच्या दारात गोट्या खेळत होतात."

भाऊ हसले नाहीत. "बाई, तीस वर्षं संस्था चालवली. लोकांनी एका दिवसात..."

"तुम्हाला वाटतं लोकांनी तुम्हाला हाकललं?"

"मग काय केलं?"

"समोर बसवलं. मी तिथे इतकी वर्षं बसलेय, जागा वाईट नाही. तिथून सगळं दिसतं."

भाऊंनी पायाने झोपाळा थांबवला. मग अचानक म्हणाले, "घटेचं मला खरंच कळलं नव्हतं हो. सात झाली होती. कोणी नीट विचारलं असतं तर मीच थांबवली असती."

"तेच सांगायला आलेय." बाईंनी खुर्ची झोपाळ्याजवळ ओढली. "भाऊ, तुम्ही घरी बसलात तर पाच वर्षांत मी तुमच्यासारखी होईन."

"माझ्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे चांगली. फक्त कोणी न विचारलेली."

चहा आला. भाऊ बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. बाईंचा हात त्यांच्या मनगटावर होता. मी ओटीच्या कडेला उभा होतो आणि मला बाईंचे ओठ हलताना दिसत होते. त्या मोजत होत्या. शेवटी भाऊ म्हणाले, "सप्टेंबरच्या सभेत मी प्रश्न विचारले तर तुमची माणसं गोंधळ घालतील."

"माझ्या माणसांना मी सुया टोचल्यायत."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, काय म्हणतेय नाडी? "बहात्तर," बाई म्हणाल्या. "येणार."

सप्टेंबरची वार्षिक सभा साडेतीन तास चालली. विषयपत्रिकेवर आता अध्यक्षा झालेल्या बाईंनी स्वतः एक ठराव घातला होता: विरोधी पॅनेलच्या प्रमुखाला पहिल्या रांगेत जागा, प्रश्नांना पहिला अर्धा तास, आणि त्यांचं टीकेचं पत्रक छापायला वर्षाला तीन हजार रुपये संस्थेकडून. आमचेच लोक उठले.

"शिव्या खायला आपण पैसे द्यायचे?"

"आपण नाही. संस्था देणार."

"संस्था आता आपलीच ना!"

"हे वाक्य भाऊंचं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून ते तिकडे बसलेत."

खाडीकडच्या अंगाचा दामू, जो कधी सभेत बोलत नसे, मागून उठला. "पास करा ना. मागं कोन इचारत नव्हता तवा घट सात झालीवती. माज्या पोरीच्या फीचं पैसं त्या घटंत गेलं." हात वर झाले. एकशे त्रेचाळीस विरुद्ध एकोणसाठ. ठराव पास.

मग भाऊ उभे राहिले. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा सदरा. "अध्यक्षांना विचारायचंय. ट्रकच्या दराला तीन कोटेशनं मागवायची असा तुमचाच मुद्दा. फायलीत दोनच आहेत. तिसरं कुठे?"

बाईंनी फाईल उघडली. पान उलटलं. पुन्हा उलटलं. खरोखर दोनच होती.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत तिसरं मागवते."

आणि बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मतमोजणीच्या दिवशीही मी पाहिलं नव्हतं.

बाईंची माझ्या डोळ्यांपुढची शेवटची आठवण पुढच्या मार्चमधली आहे. शेडमध्ये माल वजन होत होता. सोनचाफ्याच्या टोपल्यांचा वास भरून राहिला होता आणि बाई रिकाम्या क्रेटवर बसून विकास पॅनेलचं पहिलं छापील पत्रक वाचत होत्या. मथळाच होता: 'अध्यक्षांची मनमानी थांबवा'. खाली सात आरोप. एकेक मोठ्याने वाचत होत्या, मान डोलवत होत्या, चौथ्याला "हा बरोबर आहे" म्हणाल्या, सहाव्याला "हा खोटा, पण मांडलाय छान." मग पत्रक दोन्ही हातांनी लांब धरून, फोटो बघावा तसं बघत राहिल्या. "मनमानी," त्या म्हणाल्या. "माझी! हिशेबनीस, वाच रे पुन्हा एकदा, माझा चष्मा पुसते."

मी वाचलं.

त्याच दिवशी संस्थेने पत्रकाच्या छपाईपोटी रुपये तीन हजार फक्त अदा केले. घेणार, विकास पॅनेलतर्फे रमाकांतभाऊ. चेकवर सही, अध्यक्षा फिलोमिनाबाई यांची.